कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पेपरात कुणीतरी लिहिलं होतं की गोव्यात वाचनसंस्कृती संपत चाललीय, लायब्रऱ्या ओस पडल्यात, पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत वगैरे वगैरे. हे मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकतेय, तेव्हा मोबाईल नव्हते म्हणून खापर टीव्हीवर फुटायचं. फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलात मी २८ वर्षं लायब्ररी सांभाळली, रिटायर होऊन चार वर्षं झाली, आणि हे पत्र मी त्याच बदनाम मोबाईलवर एका बोटाने टाईप करतेय तेव्हा ऱ्हस्वदीर्घ सांभाळून घ्या. वाचणारे आहेत हो. काहींना बसायला जागा नाहीये, एवढंच.

कुणाला ते सांगते. एक मुलगा होता, दहावीतला, नाव सांगणार नाही, गावही नाही. (हे छापायला द्यायच्या आधी मी त्याला फोन करून विचारलंय, त्याने हो म्हटलंय.) मधल्या सुट्टीची घंटा झाली की हा धावत लायब्ररीत यायचा आणि संदर्भग्रंथांचं जे लोखंडी कपाट होतं त्याच्या मागे, कपाट आणि खिडकी यांच्यामधे जेमतेम दीड फूट जागा होती, तिथे खाली जमिनीवर बसायचा. मला वाटायचं काय वाचनवेडा पोरगा आहे, स्टाफरूममध्ये मी त्याचं कौतुकसुद्धा केलं होतं. नंतर कळलं की ग्राउंडवर पोरं त्याला 'बायलो बायलो' करून पिडायची, डबा उडवायची, आणि एकदा तर त्याचं दप्तर विहिरीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं होतं. तो पुस्तकांसाठी येतच नव्हता, लपायला येत होता. गणेश चवथीच्या सुट्टीच्या आधीचे दिवस असतील, बाहेर पाऊस कोसळत होता, तो माझ्या टेबलाशी आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "टीचर, म्हज्यासारक्यांचें एखादें पुस्तक आसा?"

मला कळलं तो काय विचारतोय. लगेच कळलं. आणि मी म्हटलं, "ना रे पुता, तसलें कितेंच ना."

होतं. कुणीतरी दान दिलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आलं होतं, कॉलेजातल्या एका मुलीचं नाटक, जिला मुलगी आवडते, १९८१ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा रोहिणी हट्टंगडींनी ती मित्रा केली होती. मी ते वाचलं होतं आणि वाचून झाल्यावर 'मोठ्यांचं आहे' म्हणून कुलुपाच्या कपाटात ठेवून दिलं होतं. मुख्याध्यापकांनी सांगितलं नव्हतं, पालकांची तक्रार नव्हती, मी आपली माझ्याच मनाने ठेवलं होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये. आम्हाला लायब्ररी सायन्सला रंगनाथनांचे पाच नियम पाठ करायला लावायचे, १९३१ चे, त्यातला दुसरा म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. मला परीक्षेत त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क होते.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिले की दिलं नाही तेच बरं झालं, कारण त्या नाटकात मित्राचा शेवट वाईट आहे, ती जीव देते, आणि पंधरा वर्षाच्या घाबरलेल्या पोराच्या हातात आपण ते ठेवणार का? हा प्रश्न खरं सांगायचं तर अजून माझा सुटलेला नाही. तेंडुलकरांनी त्या काळात ते लिहिलं ही मोठीच गोष्ट होती, पण अशा माणसांच्या गोष्टीत शेवटी कुणीतरी मरतं, कुणीतरी गाव सोडतं, कुणालातरी जबरदस्तीने बोहल्यावर उभं करतात, हे इतक्या वेळा येतं की वाचणाऱ्याला वाटणार, आपल्यापुढे एवढीच वाट आहे. म्हणून एक पुस्तक ठेवून भागत नाही, ढीगभर लागतात. दुःखाचं असावं, विनोदी असावं, फालतू प्रेमकथा पण असावी. बाकीच्यांना नाही का, रडकी कादंबरी नको असली तर बाजूला दुसरी दहा असतात?

रिटायर झाले तेव्हा तो भेटायला आला होता, आता परराज्यात चांगल्या नोकरीला आहे. मी धीर करून त्याला सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोलले होते, पुस्तक होतं. तो हसला, म्हणाला टीचर मला माहीत होतं, काचेतून पुस्तकाचा कणा दिसायचा. आणि मग म्हणाला की पुस्तकाचं जाऊ द्या, पण त्या कपाटामागे बसल्यावर वीस मिनिटं मला कुणी काही म्हणायचं नाही, तुम्ही कधी उठ म्हणाला नाहीत, तेवढ्यावर मी दहावी काढली. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. म्हणजे मला वाटत होतं मी पुस्तक दिलं नाही हे माझं पाप, आणि त्याच्या लेखी मी नकळत जागा दिली हे पुण्य. दोन्ही खरं असावं.

तर त्यावरून डोक्यात आलं आणि दीड वर्षापूर्वी मी माझ्या घराची वसरी, म्हणजे ओसरी, उघडली. महिन्यातून दोन रविवार, दुपारी अडीच ते सहा. क्वीअर लोकांसाठी, म्हणजे गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्स, आणि ज्यांना अजून आपलं नाव सापडलेलं नाही ते सुद्धा, मराठीत आपण समलिंगी, पारलिंगी असं वेगवेगळं म्हणतो पण आमच्याकडे येणारे सगळ्याला मिळून क्वीअरच म्हणतात, मग मी पण म्हणायला शिकले. आणि त्यांच्यासोबत कुणालाही, आई, भाऊ, शेजारी, फक्त वाचायला बसायचं. दोन चटया, चार उशा, एक जुनी आरामखुर्ची (तिच्यावरून भांडणं होतात), टेबलफॅन, आणि साठेक पुस्तकं. शेजाऱ्यांना वाटतं मॅडमनी ट्युशन सुरू केलीय. वाटू दे.

नियम फार नाहीत पण जे आहेत ते कडक आहेत, लायब्रेरियनच्या घरी आलात तर तेवढं सहन करा. फोटो काढायचा नाही. कुणाला तू कोण, कुठला, लग्न झालं का, घरी माहितीये का असलं विचारायचं नाही, गोव्यात हे सगळ्यात अवघड कारण इथे दोन वाक्यांत आपण एकमेकांचं नातं काढतो. व्हॉट्सॲप ग्रुप नाही, कारण ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि एक स्क्रीनशॉट पुरतो. रजिस्टर नाही. पुस्तकांना खाकी कव्हर घातलीत, शाळेच्या वह्यांना घालतो तशी, वर फक्त नंबर, म्हणजे बसमधून नेलं तर शेजारच्याला कळायचं नाही. आणि भजी नाहीत! तेलकट बोटं पानांना लागतात, चहा आणि शंकरपाळी मिळेल. सहाला बंद, कारण आडगावच्या पोरांना शेवटच्या बसा गाठायच्या असतात.

येतं कोण म्हणाल तर कधी चार, कधी बारा. कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधले दोघं येतात, वेगवेगळे येतात आणि वेगवेगळे जातात, मधला वेळ एकाच चटईवर पाठीला पाठ लावून वाचतात. एक नर्स येते नाईट ड्युटी संपवून. एक ट्रान्स बाई येते, तिला वाचायला फारसं येत नाही, तिला कुणीतरी वाचून दाखवतं. एक आई येते, तिच्या मुलाने तिला सांगितल्याला वर्ष झालं, ती पहिले तीन रविवार नुसती शेंगा सोलत बसली होती, चौथ्या रविवारी मी चेतन दातारांच्या 'एक, माधवबाग' या नाटकाबद्दल तिला सांगितलं, आई मुलाची डायरी वाचते आणि तिला कळतं, तेवढंच सांगितलं तर म्हणाली मला ते ऐकायचंय, पूर्ण सांग. आणि एक जण आहे तो येतो आणि झोपतो. खरंच झोपतो, पुस्तक छातीवर, तोंड उघडं, अडीच ते साडेपाच. मी सुरुवातीला जरा चिडायचे की अरे ही काय धर्मशाळा आहे का, मग एकदा तो चहा पिताना म्हणाला घरी माझ्या लग्नाचं चालू आहे, रोज रात्री तेच, झोप लागत नाही, इथे लागते. त्यानंतर त्याच्याकडचा फॅन मी कुणाला फिरवू देत नाही.

दुपारची वेळ मी मुद्दाम घेतली. गोव्यात एक ते चार बाजार बंद, दुकानाची अर्धी फळी ओढलेली, घराघरात वामकुक्षी, कोण कुठे गेलं याच्याकडे लक्ष द्यायला कुणी जागं नसतं. सुशेगाद हा शब्द टूरिझमवाल्यांनी टीशर्टवर छापून छापून इतका चोथा केलाय की मला तो उच्चारायलाच लाज वाटते, पण मूळचा तो शब्द निवांतपणाचाच आहे ना? आणि तो निवांतपणा स्वतःच्या घरात ज्यांना मिळत नाही अशी माणसं आपल्याच वाड्यावर आहेत. बाहेरचे म्हणतात गोवा किती मोकळा, तुमच्याकडे काय सगळं चालतं. किनाऱ्यावर चालत असेल. क्वीअर लोकांसाठी म्हणून जे काही होतं ते बहुतेक रात्री, किनाऱ्याच्या बाजूला, मोठ्या आवाजात आणि खिशात दोन हजार असतील तर. नाचावं त्यांनी, माझी काही हरकत नाही, उलट जमलं असतं तर मीही बघायला गेले असते. पण सांग्याच्या किंवा पेडण्याच्या मुलीने आईला काय सांगून तिकडे जायचं? आणि जिला दारू नको, गर्दी नको, नुसतं दोन तास कुणी रोखून न बघता बसायचंय, तिने कुठे जायचं?

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ साली सुरू झालेली संस्था, मी तिथे दिवस दिवस बसलेय आणि तिच्याबद्दल मला अभिमान आहे. पण पणजी म्हणजे काणकोणच्या पोरासाठी दिवसाची खोटी. आपल्याकडे पब्लिक लायब्ररीचा कायदा १९९३ चा आहे, तालुक्याला लायब्ररी आहे, कित्येक पंचायतींची वाचनालयं आहेत, खोल्या आहेत, पंखे आहेत, पेपर येतात. मी काही नवीन बिल्डिंग बांधा म्हणत नाहीये. त्याच खोलीत एक उघडं कपाट आणि आठवड्यातून दोन दुपारी तिथे शांत बसू देणारा माणूस.

आमच्या जवळच्याच एका वाचनालयाच्या कमिटीकडे मी हे घेऊन गेले होते. एक गृहस्थ म्हणाले, बाई, आमच्या गावात असली माणसं नाहीत. मी २८ वर्षं इश्यू रजिस्टर ठेवलंय, सुट्टीत गावच्या वाचनालयातही बसलेय, कोण कुठलं पुस्तक कितीदा घरी नेतं आणि कोण फक्त उभ्या उभ्या चाळून परत ठेवतं ते मला ठाऊक आहे. मी काही बोलले नाही, आमच्या धंद्यात बोलायचं नसतं. दुसरे म्हणाले संस्कृतीत बसत नाही. लोक अशा वेळी दशावताराचं उदाहरण देतात, की स्त्रीपार्ट करणाऱ्याला आपण रात्रभर बसून टाळ्या देतो. मला ते अर्धंच पटतं, कारण रंग उतरवल्यावर सकाळी बसस्टॉपवर त्याच माणसाला आपण काय म्हणतो ते मी ऐकलेलं आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की म्हार्दोळच्या म्हाळसेला आपण विष्णूचं मोहिनी रूप मानतो, तिच्या अंगावर जानवं आहे, तिच्यापुढे तुम्ही आम्ही सगळे हात जोडतो, मग संस्कृतीचं माप जरा मोठं ठेवा. तिसऱ्यांनी विचारलं बालमनावर परिणाम होईल त्याचं काय. होतो ना परिणाम, कपाटामागे बसणाऱ्या मुलावर झालेला मी बघितलाय. शेवटी ठरलं काय, तर पुढच्या मीटिंगला बघू. ती मीटिंग अजून चालूच आहे.

आणि कायद्याचं म्हणाल तर ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून दोन प्रौढ माणसांचे राजीखुशीचे संबंध वगळले, त्याआधी २०१४ ला नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) खटल्याच्या निकालात तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क दिला. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. म्हणजे वाचायला कायद्याची आडकाठी कधीच नव्हती, आता तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. पुस्तकांना विषयवार नंबर द्यायच्या आमच्या लायब्ररीच्या डेसिमल पद्धतीत सुद्धा पूर्वी ही पुस्तकं मनोविकारांच्या कप्प्यात जायची, आता ३०६.७६ ला, समाजशास्त्रात, कुटुंब आणि लग्न यांच्या शेजारी. नंबर बदलला, कपाटाची जागा बदलली, आमची डोकी बदलायला वेळ लागला. तुम्हाला आठवत असेल, जानेवारी २०१५ मध्ये राज्याचं युवा धोरण आलं, त्यात या तरुणांचा वेगळा उल्लेख होता, चांगली गोष्ट होती, आणि तेव्हाच एका मंत्र्यांनी सांगितलं की त्यांना नॉर्मल करायला केंद्र काढू, औषधं देऊ. देशभर गाजलं, मग म्हणाले विपर्यास केला. मला विचाराल तर केंद्राची कल्पना तशी वाईट नव्हती. औषधं काढा, पुस्तकं ठेवा, पंखा लावा, झालं.

पुस्तकं आहेत का, हे सगळ्यात जास्त विचारतात. आहेत की. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची, भाऊ आणि बहीण दोघंही एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात, आमच्याकडे तिच्या दोन कॉप्या असूनही नंबर लावावा लागतो. बिंदुमाधव खिरे पुण्यातून कित्येक वर्षं या विषयावर सोप्या मराठीत लिहितायत, त्यांचं 'पार्टनर' आईवडिलांनी आधी वाचावं. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं आत्मकथन आहे. कोकणीत आणि मराठीत आपल्या गोव्याच्या मातीतलं मात्र मला अजून हवं तेवढं सापडत नाहीये, आणि याची मला खंत आहे, कारण माणसं तर इथलीच. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स आठवा, कुणबी साडी त्यांनी परत लोकांपुढे आणली, २०१४ ला पद्मश्री मिळाली, आपण गे आहोत हे त्यांनी कधी लपवलं नाही, आणि गावच्या घरात आपल्या जोडीदारासोबत राहिले. आमच्या वसरीत त्यांचा पेपरात आलेला एक फोटो कापून लावलाय, येणाऱ्यातले निम्मे आधी त्याच्याकडे बघतात.

एक गोष्ट तुम्हाला संपादक म्हणून सांगावीशी वाटते. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ला काढलं आणि १९५३ ला जाईपर्यंत चालवलं, वाचक त्यांना पत्रं लिहायचे, असले प्रश्न विचारायचे जे घरात कुणाला विचारता येत नाहीत, त्यात समलिंगी संबंधांबद्दलचे पण होते, आणि ते सरळ उत्तरं छापायचे. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरून खटला झाला, वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. केस हरले, दंड भरावा लागला. म्हणजे मराठीत हा विषय अमेरिकेतून काल आलेला नाही, नव्वद वर्षांपूर्वी वाचकांच्या पत्रांतूनच आलेला आहे, तेव्हा माझं हे पत्र छापायला तुम्हाला जड जाऊ नये. लांब झालंय, कापलंत तरी चालेल, पण झोपणाऱ्याचा भाग ठेवा.

ज्यांना आपल्या गावात असं काही करायचंय त्यांनी माझी वाट बघू नये, जागा मोठी लागत नाही, चार माणसं पाठ टेकून बसतील एवढी पुरे. खोलीला दोन दारं असली तर बरं, आत आल्यावर कोंडल्यासारखं वाटत नाही. पुस्तकं कमी असली तरी चालतील पण ती हाताला लागतील अशी ठेवा, मागावी लागू नयेत, कारण मागायला तोंड उघडावं लागतं आणि तेच तर अवघड असतं. पावसाळ्यात मात्र हाल होतात. जून ते सप्टेंबर आमच्या अर्ध्या पुस्तकांना बुरशी येते, मी कडुलिंबाचा पाला सुकवून ठेवते, डांबरगोळ्या ठेवते, ऊन पडलं की वसरीच्या पायरीवर पुस्तकं वाळत घालते पापडासारखी.

त्यात आमचं कपाट जुनं. शाळेने भंगारात काढलं तेव्हा मीच घेतलं, तेच ते, त्याच्या मागे तो बसायचा. कुलूप मी काढून घेतलं पण कडी पण त्याच्यासोबत गेली, आता दार नीट बसत नाही आणि फटीतून सगळी ओल आत जाते. तुमच्या वाचकांपैकी कुणाकडे दार घट्ट लागणारं पण कुलूप नसलेलं कपाट पडून असेल तर तुमच्या ऑफिसात कळवावं, टेम्पोचं भाडं मी देईन.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, फोंडा